साहेब ऐकून घेतात

माझ्या भाच्याचं, धम्मदीपचं लग्न ठरलं. हॉल वारज्याचा, वार गुरुवार. मुलगी आम्रपाली, तहसील कचेरीत क्लार्क. सगळं जमलं होतं, फक्त नवरदेवाला रजा नव्हती.

पोरगं कॉम्प्युटरच्या कंपनीत. तिथं नवीन टूम निघालेली, वन-ऑन-वन. दर गुरुवारी साहेबानं काचेच्या खोलीत बसून आपल्या माणसाचं ऐकून घ्यायचं. साहेबानं मध्ये बोलायचं नाही, आणि काय वाटेल ते होवो, मीटिंग रद्द करायची नाही.

"मग मागितलीस का रजा?" मी विचारलं.

"मामा, महिनाभर मागतोय. शुभंकर सर इतकं छान ऐकतात! परवा तर डोळे भरून आले त्यांचे."

"आणि रजा?"

"त्यावर काही बोलले नाहीत. बोलले तर मीटिंगचे मार्क जातात ना त्यांचे."

"अरे, मग त्याच्या वरच्याला विचार!"

"विचारलं. त्यांनीही ऐकून घेतलं."

शेवटी आम्रपालीनंच साहेबाला फोन लावला. "अहो सर, गुरुवारी मला नवरा मिळणार आहे का, तेवढं सांगा."

"तुम्ही मोकळेपणानं बोललात, बरं वाटलं," साहेब म्हणाला.

फोन ठेवून ती म्हणाली, "आमच्या कचेरीत निदान उद्या या तरी म्हणतात."

पोरगं बिनरजेचंच स्टेजवर चढलं. पण वार गुरुवार! मीटिंग रद्द करता येईना, म्हणून साहेबच हॉलवर आला आणि नवरदेवाला खुर्ची चिकटवून बसला. भंतेजींनी पंचशील दिलं, हार घातले, टाळ्या झाल्या. साहेब हनुवटीला हात लावून ऐकतोय.

मग आमचे गेनबाकाका आहेराचं पाकीट घेऊन वर गेले. आधी साहेब दिसला, म्हणून त्यालाच पेन्शनचं रडगाणं सांगत बसले. उतरले ते डोळे पुसत. "सगळा संसार झाला, पण हिनं कधी असं ऐकलं नाही!"

"तुम्ही कधी माझं ऐकलंत?" म्हणत शालनकाकू वर गेल्या, तुंबलेलं गटार सांगायला. त्यांच्यामागं अख्खा हॉल. नवरा-नवरी कोपऱ्यात, रांग साहेबापुढं. जेवण गार.

धम्मदीपचा खाडा पडला, पगार कापला. पुढच्या गुरुवारी त्यानं ते सांगितलं. साहेबानं ऐकून घेतलं.

वारज्याची माणसं मात्र आता कंपनीच्या गेटवर जायला लागली. गटार तसंच, नळ कोरडा, पण माणूस काय ऐकतो! हे एका पार्टीच्या कानावर गेलं आणि साहेब नगरसेवकाला उभा राहिला. प्रचाराला टेम्पो माझा आणि माईक धम्मदीपच्या हातात.

"लाज नाही वाटत?" मी ओरडलो. "लग्नाची रजा दिली नाही त्यानं तुला!"

"मामा, रजा कोणीच देत नाही. ऐकतं कोण एवढं?"

साहेब दणकून निवडून आला. आता हसू नका. आमचा निदान ऐकतो. तुमचा नगरसेवक फोन तरी उचलतो का? आणि त्यालाही तुम्हीच ना निवडून दिलंय?