दर पाच किलोला एक खटका

माणूस जन्माला आला की सर्वात आधी त्याचे वजन करतात. नाव नंतर, सवडीने ठेवतात. यावरून समाजाला कशाची घाई असते ते उघड आहे. पुढे काही वर्षे ते वजन वाढले की आजूबाजूची माणसे खूश होतात आणि नाही वाढले की आईकडे बघतात. मग केव्हातरी (नेमके केव्हा, याची नोंद कुठल्याही दप्तरात सापडत नाही) हा नियम उलटा होतो आणि तीच माणसे तेच वजन वाढले म्हणून हळहळू लागतात. आईकडे बघणे तेवढे दोन्ही काळांत चालू राहते.

धाकट्या निरीक्षकबाई या दोन्ही नियमांच्या कचाट्यात एकदमच सापडल्या होत्या. घरी पाच महिन्यांच्या बाळाचे वजन हवे तसे वाढत नव्हते आणि ऑफिसात त्यांचे स्वतःचे हवे तसे उतरत नव्हते. ऑफिसही साधेसुधे नव्हते. ते वजनमापे कार्यालय होते. बाजारातले काटे तपासायचे, खरे निघाले तर त्यांवर शिक्का मारायचा, खोटे निघाले तर दुकानदाराला मारल्यासारखे बघायचे, असे तिथले काम. अशा ठिकाणी वर्षानुवर्षे बसलेल्या माणसाचा आकड्यावर विश्वास बसतो. इतर गोष्टींवरचा उडतो.

त्या वर्षी मुख्य कचेरीतून एक परिपत्रक आले. ज्यांची स्वतःची वजने हाताबाहेर गेली आहेत त्यांनी इतरांची वजने तपासणे लोकांच्या मनात शंका उत्पन्न करणारे आहे. सबब प्रत्येक कार्यालयाने आपले सरासरी वजन वर्षअखेरपर्यंत दहा टक्क्यांनी कमी करावे. युक्तिवाद बिनतोड होता. ऑफिसात माणसे अकरा, सरासरी बहात्तर किलो. ती पासष्टाच्या खाली आणायची होती.

आधी नेहमीचे उपाय झाले. लिफ्ट बंद केली. (त्यानंतर तिसऱ्या मजल्यावरच्या फायली दोरीने खाली सोडण्यात येऊ लागल्या. फायलींचे वजन घटले.) डबे खाताना बोलू नये असा ठराव झाला, कारण गप्पांत दोन घास जास्त जातात. तीन महिन्यांत सरासरी चाळीस ग्रॅमनी उतरली, त्यातले वीस ग्रॅम नवीन चपलांचे निघाले.

अशा बिकट प्रसंगी हेडक्लार्क भाऊसाहेबांच्या वहिनी ऑफिसाच्या मदतीला आल्या. तसे त्यांना आजतागायत कळलेले नाही. वहिनींना त्यांच्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा पोटाला टोचून घ्यायचे वजनाचे औषध लिहून दिले होते. ते पेनसारख्या नळीत येते, मागची चकती फिरवली की खटके वाजतात, जितके खटके तितके औषध. वर्षभरात वहिनी बारीक झाल्या. त्याआधी डॉक्टरांनी त्यांच्या रक्ताच्या तपासण्या केल्या, घरात कोणाला काय काय आजार होते ते विचारले, अगदी थोड्या औषधाने सुरुवात करून दर महिन्याला जरासे वाढवले, आणि खाण्याचा नि चालण्याचा तक्ताही दिला. भाऊसाहेबांच्या मते हा सगळा खाजगी दवाखान्यांचा वेळकाढूपणा होता. त्यांनी वहिनींच्या चिठ्ठीची छायाप्रत काढली, तिच्यावर 'मूळ प्रतीप्रमाणे' असा शिक्का मारला, खाली सही ठोकली आणि ती कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे दिली. औषधवाल्याने चिठ्ठी वाचली, भाऊसाहेबांकडे पाहिले, मग आपल्या काउंटरवरच्या काट्याकडे पाहिले. त्या काट्याची पडताळणी पुढच्या महिन्यात होती. त्याने पेन दिले.

आता कोणाला किती द्यायचे हा प्रश्न होता, आणि इथे कार्यालयाचा तीस वर्षांचा अनुभव कामी आला. माप वजनाच्या प्रमाणात असले पाहिजे, हे तिथे भिंतींनाही माहीत होते. एक तक्ता तयार झाला:

दर पाच किलोला एक खटका.
पाचाखालील किलो सोडून द्यावेत.
क्रम सेवाज्येष्ठतेनुसार.
सुई प्रत्येकाची वेगळी, पेन एकच. (काटकसर.)
चक्कर आल्यास रजेचा अर्ज आगाऊ द्यावा.

तक्ता फ्रीजच्या दारावर चिकटवण्यात आला. साहेब एकशे पाच किलो, म्हणजे एकवीस खटके. धाकट्या निरीक्षकबाई सत्तर, म्हणजे चौदा.

हा फ्रीज प्रमाणित वजनांच्या खोलीत होता. खोलीला आतून कडी होती, म्हणून बाई दुपारी तिथेच बसून बाळासाठी दूध काढत आणि बाटलीवर तारीख घालून मधल्या कप्प्यात ठेवत. त्या सोमवारी सकाळी त्यांनी दार उघडले तर त्यांच्या बाटलीला टेकून पेन उभे. त्यांनी बाटली दुसऱ्या टोकाला सरकवली. मग दार लावून तक्ता वाचला. मग पुन्हा वाचला. खोटे कशाला सांगावे, 'चौदा' हा आकडा वाचून त्यांच्या मनात पहिला विचार आला तो कपाटातल्या बाळंतपणाआधीच्या कपड्यांचा. दुसरा विचार बाळाचा आला. दोन्हींत फार तर दोन सेकंदांचे अंतर होते, पण ते दोन सेकंद बाईंना पुढे बरेच दिवस खुपत राहिले.

"भाऊसाहेब, मी अंगावर पाजतेय," त्या म्हणाल्या. "मला हे चालतं का?"

"ताई, बाळाला थोडंच टोचायचंय?"

"सोबत एखादा कागद आला असेल ना, माहितीचा?"

"आला होता. एवढा मोठा, चादरीसारखा. मावशींनी सत्कारणी लावला."

शिपाईमावशींनी मान डोलावली. फ्रीजचा मागचा एक पाय आखूड होता आणि तो कित्येक वर्षे डुगडुगत होता. माहितीपत्रकाच्या आठ घड्या घातल्या तेव्हा कुठे तो स्थिर झाला. औषधासोबत येणाऱ्या कागदांचा याहून ठोस उपयोग आजवर कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

सोमवारी साहेबांनी एकवीस खटके घेतले. त्यांच्यानंतर त्याच पेनने भाऊसाहेबांनी सोळा आणि शिक्के मारणाऱ्या कारागिराने तेरा. बाकीचे त्या दिवशी बाजारात तपासणीवर होते. बाईंची पाळी आली तेव्हा त्या दुधाची वेळ झाली म्हणून कडी लावून आत बसल्या आणि चाळीस मिनिटे बाहेर आल्या नाहीत.

"ठीक आहे, पुढच्या सोमवारी," भाऊसाहेब दाराबाहेरून म्हणाले. "पण ताई, सरासरी सगळ्यांची असते. तुमचा कायम होण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर आहे, ते तुम्हाला ठाऊकच आहे. सहज आठवण केली."

घरी सासूबाई म्हणाल्या, "नोकरी कायम होऊ दे बाई एकदाची. चार टोचण्यांनी काय होतंय? तुझं दूध आटलंच तर डबा आहे पावडरचा." मग नातवाला मांडीवर घेऊन त्याच्या मनगटाला दोन बोटांनी मापत म्हणाल्या, "तसाही हा कुठे अंग धरतोय."

बाई मंगळवारी दुपारी मावशींना म्हणाल्या, "मावशी, फ्रीज जरा उचलू लागता?"

"कशाला गं पोरी?"

"खालचा कागद वाचायचाय."

मावशींनी त्यांच्याकडे, ताप आलेल्या माणसाकडे बघावे तसे बघितले, पण फ्रीज उचलला. तोलायला काहीतरी हवे म्हणून कागदाच्या जागी दोन किलोचे प्रमाणित वजन आडवे सरकवले. (या वजनाला उघडा हात लावण्यास नियमाने मनाई आहे. ते मखमलीच्या पेटीत असते. मावशी ते रोज ओल्या फडक्याने पुसत असत.)

बाईंनी कागद उलगडला. अक्षरे मुंगीएवढी. त्यांनी सगळा वाचला, दोन्ही बाजूंनी, दूध काढता काढता. गरोदरपणी आणि अंगावर पाजत असताना घेऊ नये. एकाचे पेन दुसऱ्याने कधीही वापरू नये, सुई बदलली तरीही. एकाच्या रक्तातला रोग दुसऱ्याला जाऊ शकतो. डॉक्टरांनी तपासून दिल्याशिवाय घेऊ नये. सुरुवात सर्वांनी अगदी कमी मात्रेने करावी आणि ती डॉक्टरांच्या सांगण्यानेच वाढवावी. पोटात सतत जोराने दुखू लागले, उलट्या थांबेनात, पाणीसुद्धा टिकेना, तर ताबडतोब डॉक्टर गाठावा. वजनाला खटक्यांनी भागावे असे कुठेही नव्हते. त्यांनी शेवटून पुन्हा तपासले. नव्हतेच.

बुधवारी साहेब आले ते भिंतीला धरून. सोमवार रात्रीपासून पोटात काही राहत नव्हते. ऑफिसाने त्यांना काट्यावर उभे केले. दोन किलो तीनशे ग्रॅम कमी. भाऊसाहेबांनी आकडा मोठ्याने वाचला आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या. भाऊसाहेबांना स्वतःलाही मळमळत होते, पण ते त्यांनी निष्ठा म्हणून सोसले.

साहेबांनी आभाराचे दोन शब्द बोलायला तोंड उघडले. जीभ टाळूला चिकटत होती. एक हात बरगडीखाली घट्ट दाबलेला. पाच महिने बाळाचे ओठ सुकलेत का, दुपटे कितीदा ओले झाले, हे मोजत बसलेल्या बाईला हे बघून काय वाटले असेल ते सांगायला नको.

"साहेब, सकाळपासून लघवीला गेलात?" बाईंनी विचारले.

अकरा वर्षांत साहेबांना कोणी इतका थेट प्रश्न विचारला नव्हता.

"कालपासून नाही," साहेब म्हणाले. त्यांच्यात बहुधा खरे बोलण्यापुरतीच ताकद उरली होती, खोटे बोलण्याइतकी नव्हती.

"ताई, काम करतंय म्हणून तर होतंय हे," भाऊसाहेब म्हणाले. "आणि तुमचा कागद..."

"माझा कागद हा आहे." बाईंनी पर्समधून आठ घड्यांचा तो कागद काढला आणि फोन उचलून रुग्णवाहिका बोलावली. पत्ता दोनदा सांगावा लागला.

रुग्णालयात डॉक्टरांनी विचारले, "हे औषध यांना कोणी लिहून दिलं?" भाऊसाहेबांनी छायाप्रत पुढे केली. डॉक्टरांनी ती वाचली, मग खाटेवरच्या साहेबांच्या मिशांकडे पाहिले.

"इथं बाईचं नाव आहे. वय चौपन्न."

"मूळ प्रतीप्रमाणे आहे, साहेब," भाऊसाहेब म्हणाले. "सही माझीच आहे."

डॉक्टरांनी ती छायाप्रत साहेबांच्या केसपेपरला टाचली. मग म्हणाले की अंगातले पाणी संपले आहे, स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते, आणखी एक दिवस गेला असता तर मूत्रपिंडांचे सांगता आले नसते. औषध चांगले आहे, ज्याला हवे त्याला ते मीही लिहून देतो. पण लिहून मी देतो. आणि त्या पेनला पोट लावलेल्या तिघांचेही रक्त तपासायचे आहे, आत्ता, आणि काही महिन्यांनी पुन्हा. सोबत आलेल्या शिक्के मारणाऱ्या कारागिराने तिथेच बाही वर सारली.

साहेब वाचले. सलाईनने त्यांचे दोन किलो परत आले. ('अकारण वाढ', अशी नोंद झाली.)

मात्र महिन्याचा तक्ता ठरल्या दिवशी पाठवायचा होता आणि साहेब रुग्णालयात होते. गैरहजर कर्मचाऱ्याच्या रकान्यात शून्य लिहावे असा जुना नियम आहे. भाऊसाहेबांनी शून्य लिहिले, अकरांनी भागले. सरासरी बासष्ट पूर्णांक चार. आठवड्याभरात मुख्य कचेरीचे अभिनंदनाचे पत्र आले: उद्दिष्ट मुदतीपूर्वी व अपेक्षेपेक्षा अधिक साध्य करणारे हे एकमेव कार्यालय असून, अवलंबिलेली पद्धत इतर कार्यालयांच्या माहितीसाठी तात्काळ कळवावी.

बाईंनी दोन दिवस बसून टिपण लिहिले. पद्धत अवलंबू नये, का अवलंबू नये, डॉक्टरांना काय विचारावे, कोणी हे औषध घ्यायचेच नाही, कुठली लक्षणे दिसली की धावायचे. सोबत मूळ माहितीपत्रक जोडले. टिपण रीतसर स्वीकारले गेले. फ्रीजच्या दारावरचा तक्ता, पाच ओळींत बसत असल्यामुळे, मुख्य कचेरीला गेला. बाईंचे टिपण सहा पानी होते. दरम्यान प्रमाणित वजन मखमलीच्या पेटीत परत जाणे आवश्यक होते आणि फ्रीज पुन्हा डुगडुगू लागला होता. टिपण जाड कागदावर असल्यामुळे चारच घड्या पुरल्या.

साहेबांनी कायम होण्याच्या कागदावर खाटेवरूनच सही केली. शेरा: 'काम समाधानकारक. छापील मजकूर शेवटपर्यंत वाचण्याची सवय आहे; लक्ष ठेवावे.'

त्या महिन्यात बाळाचे वजन सहाशे ग्रॅमनी वाढले. बाळाच्या दवाखान्यातली सिस्टर म्हणाली, "छान." मग तिची नजर काट्यावरून उठली आणि आईच्या कमरेवर जराशी थांबली. बाईंनी बाळ उचलले, छातीशी धरले आणि काट्याकडे पाठ करून त्याचे झबले चढवले.

पद्धत एव्हाना बऱ्याच कार्यालयांत पोहोचली असेल. लिखाणात ती विस्ताराने दिल्याबद्दल काही वाचक आक्षेप घेतील. त्यांना एवढेच विचारायचे आहे, की 'दर पाच किलोला एक खटका' ही ओळ वाचून मनातल्या मनात भागाकार केल्यावर त्यांचा स्वतःचा आकडा किती आला.