मंदाकिनीबाईंनी समुद्र छपरास घातला त्याचे वर्तमान

श्री गजवदन तुष्ट असो, दर्या शांत असो. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत नाम संवत्सरे, कार्तिक मासी जे घडले ते यथामति लिहितो. थोरल्या नगरी विद्याधरपंत व मंदाकिनीबाई, नवरा-बायको, दोघेही चित्रकार, नांदत होते. कलादरबारी दोघांचा मान मोठा. परंतु बाईंस तेथील गलबला सोसेना, आणि त्या दूर सागरतीरी कोळीवाड्यात खोली घेऊन राहिल्या, आणि सालोसाल समुद्रच रंगवीत बसल्या. पंत रागे भरून बोलिले होते की, तेथे कुजशील, तुझे नाव कोणी घेणार नाही. मग पंतांनीच पुढाकार घेऊन नगरीच्या मोठ्या दालनात बाईंचे प्रदर्शन ठरविले, आणि चित्रे आणावयास टेम्पो घेऊन कूच केले. तों वाटेतच तुफान उठले. झाडे मोडून रस्ते बंद, फोन मुके. पंत घाटाखाली अडकून पडले, अन्न गोड लागेना, आणि आपलाच तो शब्द आठवून चित्त फार कष्टी जाहले.

इकडे कोळीवाड्यात कौले पानासारखी उडाली. शेजारीण द्रौपदी खवणेकर, तिची सून ओली बाळंतीण, मुलाची पाचवीही पुजली नव्हती. द्रौपदी भिजत आली आणि म्हणाली, "बाये, पोराच्या अंगार पाणी गळता." बाईंनी तैलरंगाची मोठाली कापडे चौकटींवरून उचकटिली, कोळ्यांनी दोरखंड टाकिले, आणि रंगाची बाजू वर करून सालोसालचे अवघे काम त्या घरावर बांधिले. गळती थांबली, मूल निजले. बाई मात्र कोपऱ्यात बसून रडल्या, हेही लिहिले पाहिजे.

मग वारा पडला आणि पंत पायीच निघाले. टेकडीवरून पाहतात तो वस्ती बोडकी, बाईंची खोली भुईसपाट, आणि एका छपरावर निळा समुद्र पसरलेला. पंत धावत खाली आले तो बाई द्रौपदीच्या चुलीपाशी पेज ढवळीत होत्या. बाईच म्हणाल्या, "मी आहे. चित्रं गेली, विद्याधर."

पंत म्हणाले, "जाऊ देत. पेज उरलीय का?" आणि मटकन खाली बसले, आणि दोन वाट्या प्याले.

पुढे दालनाच्या धन्यांस वर्तमान कळविले, तेव्हा त्यांचा निरोप आला की, ते छप्परच उतरवून आणावे, नगरी गाजेल. पंतांनी बाईंकडे पाहिले. बाई म्हणाल्या, "आत बाळंतीण आहे." पंतांनी तेच उत्तर धाडिले आणि प्रदर्शन मोडले. बाईंस डोईवरची मोळी उतरावी तैसे हलके वाटले. पंतांसही वाटले, याचे त्यांसच नवल.

एवंच, वाडीत मनुष्य एकही दगावले नाही. नवी कौले चढली, चित्रे फाटून निकामी निघाली. पंत हल्ली निम्मा महिना तीरीच असतात. दोघे नव्याने बांधिलेल्या एका खोलीत पाठीस पाठ लावून रंगवितात, आणि खिडकी उघडी ठेवावी की मिटावी, एवढ्यावरूनच भांडतात. इतके होऊन सर्व सुखरूप.