बाळाराम पेंटरच्या दोन ओळी

आमच्या नाक्यावर एका सकाळी वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. यात नवल काहीच नाही. भिवंडीत मूल जन्मलं की आधी फ्लेक्स लागतो, मग बारसं होतं. या फ्लेक्सच्या डाव्या अंगाला एक वाघ डरकाळी फोडत होता आणि उजवीकडे गॉगल घातलेले एक दादा जनतेला हात जोडून उभे होते. मध्ये मात्र शाळेच्या गणवेशातला एक साधा मुलगा होता आणि खाली लिहिलं होतं:

‘ओम आज सात वर्षांचा झाला. याला अजून बुटाची नाडी बांधता येत नाही. वर्गात नवीन आलेल्या मुलीला याने आपणहून बाकावर जागा दिली. साक्षीदार: वर्गाच्या बाई.’

मी बाइक थांबवली. मागचा टेम्पोवाला हॉर्न बडवत राहिला, तरी मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ज्या शहरात लंगोटातल्या पोराला ‘युवा नेतृत्व’ म्हणतात, तिथं नाडीचा असा भर चौकात बोभाटा! मला वाटलं, कुणीतरी दावा साधला.

दावाबिवा काही नव्हता. ते बाळाराम भोईर होते.

काका मूळचे दिघाशीचे, शेतकऱ्याघरचे. तरुणपणी भिवंडीत आले आणि दुकानांची शटरं, ट्रकच्या पाठी नि लूमच्या कारखान्यांच्या पाट्या रंगवत म्हातारे झाले. पुढे फ्लेक्सचं मशीन घेतलं, पण लोकांच्या तोंडी ‘पेंटर’च राहिले. आता दुकानात ब्रशाचं काही काम नसतं, तरी कानावर एक ब्रश असतोच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा निलेश वाडा गावात कुठल्याशा बेकरीत आहे आणि इकडे फिरकत नाही, एवढंच आम्हाला माहीत. मी फ्लॅटमध्ये राहायला येण्याआधी त्यांच्याच चाळीत, समोरच्या गॅलरीत राहायचो, म्हणून माझी ओळख जुनी. पूर्वी काकाही चारचौघांसारखेच भडक बोर्ड छापायचे. मग अचानक हे खूळ शिरलं.

खूळ असं: मोठ्यांच्या बोर्डावर काय वाटेल ते छापायचं. ‘ती मानसं कामातून गेलीत. त्यांना सम्राट म्हना, न्हायतर सूर्य म्हना.’ पण लहान मुलाचा बोर्ड असेल तर त्यावर फक्त दोन ओळी. पहिलीत मुलाला काय जमत नाही ते, आणि ते मुलानंच सांगायचं. दुसरीत त्यानं केलेली एक चांगली गोष्ट, आणि ती तिसऱ्याच माणसानं सांगायची.

‘एक वळ पायांची, एक मानेची,’ ओळीला वळ म्हणत काका सांगायचे. ‘पाय भुईवर पायजेत नि मान वर पायजे. निस्ती मान वर केली तर पोरगं ठेचाळतंय. निस्ते पाय बघितले तर कुबड येतंय.’

आणि त्यांचा ठरलेला शब्द, ‘साक्षीदार?’ हा ते कुठंही काढत. चहा चांगला झालाय म्हटलं तरी कप खाली ठेवून विचारत, ‘साक्षीदार?’

ओमचे वडील दुपारी दुकानात भांडायला गेले, तेव्हा मी मजा बघायला मागोमाग गेलो. ‘माझ्या पोराची इज्जत घालवलीत!’ ते ओरडत होते. मशीनवरचा अस्लम घाबरून म्हणाला, ‘काका, मैं बोला था ना, पार्टी गाली सुनने के लिए बोर्ड नहीं बनवाती.’ काकांनी नाक्याकडे बोट केलं. ओम बोर्डाखाली कट्ट्यावर पाय पसरून बसला होता. वाचून थांबलेला हमाल त्याला नाडीची गाठ दाखवत होता आणि एक आजीबाई ‘तशी नव्हे रे, अशी’ म्हणून हमालाला खोडून काढत होत्या. संध्याकाळपर्यंत पोराला नाडी यायला लागली. वडिलांनी आ वासला तो वासलाच.

तरीही माझं मत होतं की माणूस फिरलेला आहे. कारण रविवारचं काय? दर रविवारी काका स्कूटरला कोरी करकरीत ताडपत्री बांधून खेड्यापाड्यांत जात आणि कधीमधी कुणाच्या गोठ्यावरचा, कुणाच्या कोंबड्यांच्या खुराड्यावरचा जुना फाटका फ्लेक्स उतरवून, त्याच्या बदल्यात नवी ताडपत्री देऊन येत. आमच्याकडे उतरलेला फ्लेक्स कुणी टाकत नाही. तो कुठल्यातरी छपरावर जातो. पण नवं देऊन जुनं आणायचं म्हणजे हद्द झाली. मी एकदा विचारलंही. ‘आवड हाय,’ म्हणाले आणि कानावरचा ब्रश उगाच नीट केला.

मग माझ्यावरच पाळी आली.

माझी मुलगी तन्वी दहा वर्षांची होणार होती. मागच्या वर्षी मी दुसरीकडून तिचा दहा फुटी बोर्ड करून आणला होता: ‘डान्सिंग क्वीन’, डोक्यावर मुकुट, मागे सिंहासन. त्यानंतर ती जेवलेलं ताट उचलेना. ‘क्वीन ताट उचलते का?’ म्हणाली. मला ते इतकं गोड वाटलं की मी स्टेटसला ठेवलं. बायको म्हणाली, ‘आता ताटं तुम्हीच उचला, राजमाता.’ मी हसण्यावारी नेलं.

यंदा वाढदिवसाच्या आठवडाभर आधी शाळांच्या नाचाच्या स्पर्धेत क्वीन स्टेजवर पडली. नंबर आला नाही. दुसऱ्या दिवसापासून पोटात दुखायला लागलं. शाळा नाही, खेळणं नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मुकुटवाला फोटो फाडून कचऱ्यात टाकलेला मला सापडला. मी हबकलो. शाळेचं नाव काढलं की ती चादर डोक्यावरून ओढून घ्यायची.

मी यावर उपाय काढला तो माझ्या बुद्धीला साजेसाच. पंधरा फुटी बोर्ड, आणि या वेळी ‘महाराणी’! बाकीच्या दुकानांत गर्दी होती म्हणून काकांकडे गेलो.

‘पोरीला आन,’ काका म्हणाले.

कशीबशी आणली. तिला स्टुलावर बसवून काका समोर उकिडवे बसले. ‘तन्वी, तुला काय येत न्हाय?’

मी मध्ये पडलो, ‘काका, तिला आता असलं काही...’

‘तुला इचारलं मी?’

तन्वीनं स्टुलाची कड दोन्ही हातांनी धरली. मग हळूच म्हणाली, ‘मला डावीकडून गिरकी घेता येत नाही. पहिल्यापासूनच नाही येत. तिथंच पडले.’

‘मग कुनाला सांगितलं का न्हायस?’

‘क्वीनला येतं ना सगळं.’

मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. चार दिवस पोटात दुखणारी पोर हे बोलली आणि तिनं स्टुलावर पाय हलवायला सुरुवात केली. काका खूश. ‘झ्याक! मलाबी डावीकडून येत न्हाय. आता दुसरी वळ. साक्षीदार?’

मी छाती पुढे काढली. ‘ब्याण्णव टक्के आहेत तिला.’

‘मार्क कागदावर छापून आलेत. छापलेलं मी परत छापत न्हाय. पोरीनं केलं काय?’

मी विचार करायला लागलो. डोक्यात मार्क आले, मेडल आली, क्लासची फी आली. पोरीनं काय केलं ते येईना. दहा वर्षं एका घरात राहून मला तिची एक चांगली गोष्ट सांगता येत नव्हती. ‘बाप हायस का परीक्षेचा शिपाई?’ काका म्हणाले. ‘आनि तशीबी आयबापाची साक्ष इथं चालत न्हाय. जा, मानूस शोध.’

मी साक्षीदार शोधत फिरलो. सोसायटीचा वॉचमन म्हणाला, ‘साब, बेबी तो अपुन को देखती भी नहीं.’ हा पहिला धक्का. नाचाच्या बाई म्हणाल्या, हुशार आहे, पण मागच्या रांगेतल्या मुलींशी बोलत नाही. हा दुसरा. घरी येऊन बायकोला तोंड दाखवायची सोय राहिली नाही. शेवटी तिच्या शाळेच्या रिक्षावाल्या सलीमभाईंना गाठलं, ते काही आशेनं नव्हे.

‘तन्वी बेबी?’ सलीमभाई म्हणाले. ‘अरे भाईसाब, वो छोटी नर्सरीवाली है ना, उसको गाडी में उल्टी होती है. सब बच्चे नाक पकड के हट जाते. आपकी बेटी उसको पास बिठाती, अपने रुमाल से मुँह पोंछती. रोज का है. आपको मालूम नहीं?’

मला मालूम नव्हतं. मला मालूम होतं ते एवढंच की पोरगी दर आठवड्याला रुमाल हरवते, आणि त्यावरून मी तिला किती बोललो होतो ते. मी रिक्षाच्या कडेला हात टेकून उभा राहिलो.

बोर्ड लागला. मुकुट नाही, सिंहासन नाही. ‘तन्वी आज दहा वर्षांची झाली. हिला डावीकडून गिरकी घेता येत नाही. रिक्षात लहान मुलीला उलटी झाली की ही आपल्या रुमालाने तिचं तोंड पुसते. साक्षीदार: सलीमभाई, रिक्षावाले.’ तन्वीनं तो खाली उभं राहून तीनदा वाचला आणि गालात हसली. सोमवारी शाळेत गेली. संध्याकाळी दोन मुली तिला डावी गिरकी शिकवायला घरी आल्या, मागच्या रांगेतल्या. जेवल्यावर तिनं ताट उचललं, आणि आमच्या घरात कुणीच काही बोललं नाही, न जाणो, खाली ठेवायची!

पुढच्या रविवारी काकांची स्कूटर बिघडली होती. मी म्हटलं, चला, मी नेतो. आता त्यांच्यासाठी एवढं तरी करायला हवं होतं.

‘अकलोली,’ ते म्हणाले, आणि ताडपत्रीची घडी मांडीवर घेऊन मागे बसले.

गरम पाण्याच्या कुंडांच्या वाटेवर एक चहाची टपरी होती. छपरावर जुना फ्लेक्स, छापील बाजू खाली. काकांनी टपरीवाल्याच्या हातात नवी ताडपत्री दिली आणि मी फ्लेक्स खाली ओढला. उलटा करून बघतो तर निलेश. गॉगल, सूट, मागे लाल दिव्याची गाडी, आणि हातभर अक्षरांत ‘भिवंडीचा भावी कलेक्टर’.

‘हा सातवा,’ काका म्हणाले. ‘शेवटचा.’

मग तिथंच बाकावर बसून सांगितलं. पंधराव्या वाढदिवसापासून एकविसाव्यापर्यंत सात बोर्ड लावले. पोरगा कलेक्टरच्या परीक्षेत दोनदा नापास झाला. ‘एकदा दोस्तांबरोबर इथं आंघोळीला आला. चा प्यायला बसला नि वर बघितलं, तर ह्यो. दोस्त हसले. फोन करून म्हनाला, बाबा, मी जाईन तिथं छपरावर माजंच तोंड. तुमी मला येकदा तरी इचारलंत का, मला काय येत न्हाय ते? घरी आलाच न्हाय. इथूनच वाड्याला गेला. पाच वर्सं झाली. फोन उचलत न्हाय.’ बाकीचे सहा बोर्ड काकांनी गोठ्यांवरून, खुराड्यांवरून गोळा केले होते. हा कुठं आहे ते पहिल्यापासून ठाऊक होतं, पण इथं यायची छाती होत नव्हती.

मी चहाचा कप खाली ठेवला. कारण नाक्यावर त्याला ‘ओ कलेक्टर, कटिंग घेणार का?’ म्हणणाऱ्यांत मी होतो. पहिला मीच असेन. ते मी काकांना सांगितलं.

‘ठावं हाय,’ काका म्हणाले. ‘बोर्ड मी लावला, तुमी वाचला.’

दुकानात परत आल्यावर त्यांनी तो फ्लेक्स टेबलावर पालथा घातला. मागची बाजू पुसल्यावर पांढरी निघाली. वर ब्रशानं ‘निलेश’ लिहिलं आणि थांबले. पहिली ओळ त्यानं सांगायची, आणि दुसरीला साक्षीदार हवा. बापाची साक्ष चालत नाही. आख्ख्या भिवंडीला साक्षीदार मागणारा माणूस स्वतःच्या मुलासाठी कुणाच्या दारात गेला नव्हता.

‘लिहा,’ मी म्हटलं. ‘साक्षीदार मी.’

काकांनी चष्म्यावरून बघितलं. ‘काय बघितलंस?’

‘काकी आजारी होत्या तेव्हा निलेश रोज सकाळी गॅलरीत त्यांची वेणी घालायचा.’

‘तू कुठं हुतास?’

‘समोर. ड्युटीला निघताना. त्याला जमायची नाही. सोडायचा आणि पुन्हा घालायचा. माझी बस चुकायची, पण मी बघत राहायचो.’

काकांनी मान खाली घालून लिहिलं: ‘आई आजारी असताना याने रोज तिची वेणी घातली. साक्षीदार: सुरेश, समोरच्या गॅलरीतला.’ वरची ओळ कोरी ठेवली. मग खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला. ‘फोटो काढून धाड. माज्यानं व्हायचं न्हाय.’

मी धाडला. अस्लमनं चहा आणला, तो निवून गेला. काका मशीनकडे बघत होते, मी फोनकडे. दोन निळ्या खुणा आल्या आणि नुसत्याच राहिल्या. मी मनात म्हटलं, झालं, संपलं. आणि फोन वाजला.

मी मोठ्यानं वाचलं. ‘बाबा, पहिली ओळ लिहा. याला वेणी घालता येत नाही. तीन पेडांचे चार व्हायचे. आई हसायची.’

काकांनी ब्रश रंगात बुडवला, फ्लेक्सवर नेला आणि तिथंच धरून ठेवला. रंगाचा एक थेंब खाली पडला.

‘तू लिही, सुरेश,’ ते म्हणाले. ‘मला काय दिसंना.’

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तरी लिहिलं.