तांडेल बाई आणि झिंग्याचं नाव

तांडेल बाई मासे विकत घेत, पण मासे त्यांना नको असत. त्यांना पोटं हवी असत. मासळीबाजारात बाकीची गिऱ्हाइकं 'साफ करून द्या' म्हणून मागं लागत आणि बाई पिशवी पुढं करून बजावत, 'सुरीसुद्धा लावायची नाही.' हमीदभाई मासेवाल्याला सुरुवातीला वाटलं, बाईंना साफ करणावळ वाचवायची आहे. पुढं त्याला कळलं की ह्या बाई वेगळ्याच आहेत. मग तो मुंबईहून बर्फात आलेल्या पेटीतला ताजा ढोमा लांबूनच उंच धरून दाखवायचा आणि म्हणायचा, "बाई, पेट देखो. भरेला है. किसी को हात नई लगाने दिया."

घरी आल्यावर बाई मोरीत पाट घेऊन बसत, कात्रीनं एकेका माशाचं पोट उघडत, आत जे सापडेल ते चिमट्यानं काढून फॉर्मॅलिनच्या बरणीत टाकत. राहिलेला मासा बिल्डिंगमध्ये वाटून टाकत. सिडकोतली आमची ती चार मजल्यांची बिल्डिंग. मी फुलंब्रीकडचा, वाळूजला एका कंपनीत तपासणी खात्यात होतो. समुद्राचा मासा आमच्या घराण्यात कुणी पाहिलेला नव्हता. माझी बायको सुनंदा तो रांधायला शिकली ती बाईंमुळं. पहिल्यांदा बाईंनी आणून दिलेली वाकटी बघून तिनं मला हळूच विचारलं होतं, "अहो, हे साप नाय ना?"

बाई वेंगुर्ल्याच्या. इथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. पन्नाशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, बांधा काटक, पदर कायम खोचलेला. समुद्रापासून इतक्या लांब येऊन समुद्रातल्या झिंग्यांवर काम कशाला करता, असं कुणी विचारलं की त्या चिडत नसत. उलट चालता चालता समजावून सांगत. चालता चालता म्हणायचं कारण बाईंना उभ्या उभ्या बोलणंही जमत नसे, बसून बोलणं तर दूरच. चहाचा कप हातात घेऊन त्या आमच्या खोलीत खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत आणि आम्ही नवराबायको टेनिसची मॅच बघावी तशा माना फिरवत ऐकत असू.

त्यांचं म्हणणं असं. किनाऱ्यालगत झिंग्यांच्या किती जाती आहेत हे बघायचं तर होडी पाहिजे, जाळी पाहिजेत, माणसं पाहिजेत. ते सगळं मोठ्या संस्थांकडं. पण मासा रोज तेच काम करतो. मांदेली बारीक झिंगा, म्हणजे जवळा, गोळा करते. ढोमा तळाशी जाऊन जरा मोठा झिंगा, म्हणजे करंदी, उचलतो. बोंबील तर समोर येईल ते गिळतो. आपण फक्त त्यांनी गोळा केलेलं नीट उघडून बघायचं. "माझी माणसं समुद्रात कामाला आहेत. मी इथे बसून हजेरी घेते," असं त्या म्हणत. बसून हा शब्द तेवढा खोटा होता.

कोणत्या माशाबद्दल आदर ठेवायचा हेही त्याच्या पोटावरून ठरलेलं. पापलेटाचं नाव काढलं की बाई तोंड वाकडं करत. नुसता तोरा, पोटात बघावं तर पेज. आमच्या पैठणच्या धरणातले रोहू-कटला त्यांच्या लेखी गोड्या पाण्यातले सरकारी नोकर. ढोम्याला मात्र त्या 'माझा ढोमा' म्हणत. माणसांनाही तोच नियम. जिन्यात भेटल्या की नमस्काराऐवजी प्रश्न यायचा, "काय खाल्लंत?" आणि तो औपचारिक नसायचा. भात म्हटलं की कसला, भाजी म्हटलं की कोणती. त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्यांनाही त्यांनी भर स्टाफरूममध्ये असंच विचारलं होतं. तेव्हापासून ते बाईंना बघितलं की दुसऱ्या दारानं जात.

ते दिवस शहरालाच स्वस्थता नसण्याचे होते. वाळूजकडं नवीन शेड उभ्या राहत होत्या, बजाजनगरात खोल्या मिळत नव्हत्या, कंपन्यांच्या बसगाड्या पहाटेपासून धूळ उडवत पळत होत्या. आणि विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न वर्षानुवर्षं धुमसत होता. मधेच मोर्चा, मधेच बंद. सकाळी दूधवाला आला की आधी विचारायचं, आज शहर चालू आहे का.

बंद म्हटला की बाईंची तगमग बघवत नसे. मासळीची पेटी मनमाडलाच अडकायची, आणि बर्फ वितळला की पोटातलं सगळं पचून त्याचा चोथा होतो. अशाच एका बंदच्या दिवशी त्या मोपेडवर दोन बरण्या बांधून निघाल्या. चौकात पोलिसानं अडवलं. बरण्यांत काय आहे, त्यानं विचारलं. बाईंनी खरं ते सांगितलं, की पोटं आहेत. त्याला ते काही बरं वाटलं नाही. त्यानं झाकण उघडून नाक पुढं केलं. फॉर्मॅलिनचा भपका असा बसला की पुढची काही मिनिटं त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि त्याचे साथीदार काठ्या सरसावून धावत आले. बाईंनी आपल्या पदरानं त्याचे डोळे पुसले, वारा घातला आणि विचारलं, सकाळपासून काही खाल्लंय का. त्यानं मानेनंच नाही म्हटलं. मग बाई माघारी फिरल्या, घरून पोळीभाजी घेऊन परत गेल्या आणि बरण्या कॉलेजात पोचवून आल्या.

बाईंच्या हाताखाली मीना नावाची एक मुलगी पीएच.डी. करत होती. जालन्याच्या अलीकडच्या एका खेड्यातली. सडसडीत, कमी बोलणारी. दिवसा बजाजनगरच्या एका शाळेत तात्पुरती नोकरी करायची आणि रविवारी सकाळपासून बाईंच्या घरी दुर्बिणीवर, म्हणजे त्यांच्या सूक्ष्मदर्शकावर, बसायची. बाई फेऱ्या मारत सांगायच्या, मीना मान न उचलता करायची. झिंग्याच्या कपाळावर एक करवत असते. पोटात गेल्यावर अंग विरघळतं पण करवत पुष्कळदा शिल्लक राहते, आणि तिच्या दातांवरून जात ओळखता येते. मीनाचे डोळे ह्या कामात बाईंच्याही पुढं गेले होते. बाई हे सगळ्यांना सांगत, फक्त मीनाला सांगत नसत.

प्रबंध लिहून झाला. टाइप करून झाला. बाईंनी सुनंदाकडं गाजराच्या हलव्याची फर्माईश देऊन ठेवली. आणि मीना म्हणाली, मी प्रबंध विद्यापीठाला देणार नाही.

मी त्या रविवारी बाईंच्या दारात होतो, पाण्याच्या टाकीबद्दल काही विचारायला गेलो होतो. बाई प्रथमच एका जागी उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या. तुझी पक्की नोकरी ह्यावर अडली आहे, माझी निवृत्ती तोंडावर आली आहे, असं त्यांनी एकदा मऊ आवाजात आणि एकदा चढ्या आवाजात सांगून पाहिलं. मीना खाली बघत ऐकत राहिली. नाव बदलल्याशिवाय त्या विद्यापीठाची पदवी घ्यायची नाही, एवढंच तिचं म्हणणं.

शेवटी बाई म्हणाल्या, "अगो, पदवीवर वर काय छापलंय त्यानं तुझ्या कामात काय फरक पडतो?"

मीनानं मान वर केली. "बाई, त्या ढोम्याच्या पोटातल्या करंदीवर मुंबईच्या संस्थेतल्या साहेबांनी चुकीचं नाव लावलं, तर तुम्ही बरणी मांडीवर घेऊन दोनदा मुंबईला गेलात. ते म्हणाले, एवढ्याशा झिंग्याच्या नावासाठी काय भांडता. तुम्ही त्यांना काय म्हणालात?"

बाई खोचलेला पदर पुन्हा खोचू लागल्या.

"तुम्ही म्हणालात, नाव चुकलं तर ती जात आहे हेच कुणाला कळणार नाही," मीना म्हणाली. "मी शाळेत होते तेव्हा ह्याच नावापायी आमचं घर जाळलं, बाई. माझ्या आईनं अंगावरच्या लुगड्यानिशी रात्र शेतात काढली. त्या नावाबिगरची पदवी मी तिच्या हातात कशी देऊ?"

बाईंनी खिडकीपर्यंत एक फेरी मारली. त्या आत गेल्या. प्रबंधाच्या प्रती त्यांनी कपाटात ठेवल्या, किल्ली मीनाच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मग तोपर्यंत मांदेलीचं राहिलेलं काम उरकून घेऊ."

बाई निवृत्त झाल्या. आता त्या वेंगुर्ल्याला जाणार असं सगळ्यांनी धरलं होतं. तिथं समुद्र दाराशी, मासे हवे तेवढे. पण बाई हलेनात. कारणं मात्र रोज नवी. कोकणातल्या दमट हवेत दुर्बिणीच्या काचेला बुरशी धरते. पुतण्यांचा आवाज मोठा आहे. हमीदभाईसारखा माणूस तिकडे नाही. उन्हाळ्यात ओला टॉवेल डोक्यावर घेऊन त्या घरभर फिरत, शहराला शिव्या देत आणि राहत. मीना दर रविवारी येत राहिली. मांदेलीचं काम संपलं, मग बोंबलाचं निघालं, मग वाकटीचं. वाकटीच्या पोटात वाकटीच निघते असं बाईंनीच मला सांगितलं होतं, त्यामुळं त्यात काय एवढं बघायचं हे मला समजत नसे. मधल्या काळात मीनाचं लग्न झालं. नवरा जालन्याला बियाणांच्या कंपनीत. ती तिथून एस्टीनं येऊ लागली.

आणि एकदाचं नाव बदललं. बदललं म्हणजे वाढलं, जुनंही राहिलं. शहरात काही वस्त्यांत रात्रभर ढोल वाजले, काही रस्त्यांवर पोलीस उभे राहिले. मीना त्या रविवारी आली तेव्हा तिचा चेहरा पुरता उजळलेला नव्हता. हवं होतं ते सगळं झालं नाही, असं ती म्हणाली. बाई फेऱ्या मारत म्हणाल्या, "आमच्या झिंग्यांतही प्रत्येकाला दोन नावं असतात. एक कुळाचं, एक त्याचं स्वतःचं. लोक लक्षात ठेवतात ते दुसरं." मीनानं दुर्बिणीखालची काच काढून पुसून ठेवली. मग उठली आणि कपाट उघडलं.

प्रबंध गेला. तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला करवतीच्या दातांबद्दल विचारलं, तेव्हा ती त्यांना इतका वेळ समजावत बसली की त्यांची गाडी चुकायची वेळ आली. हे बाईंनी आम्हाला सांगितलं आणि सांगताना स्वतःच हसल्या. मीनाची आई आली होती. तिनं बाईंचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला होता, सोडतच नव्हती. मीनाला जालन्याच्या कॉलेजात पक्की जागाही मिळाली.

त्यानंतरच्या रविवारी बाई सकाळपासून गॅलरीत होत्या. टाकीचं पाणी बघते म्हणाल्या. पुढच्या रविवारीही टाकीचं पाणी बघत होत्या. सुनंदानं त्यांना आमच्याकडं जेवायला बोलावलं. बाईंनी ताट हातात घेतलं, खिडकीपाशी गेल्या आणि तिथंच थांबल्या.

"सुनंदा, तुला एक सांगते," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं लोक रस्त्यावर होते, मार खात होते. आणि माझ्या मनात यायचं, अजून थोडे दिवस लागले तर बरं. म्हणजे ही रविवारी येत राहील. असं यायचं मनात."

सुनंदा उठून खिडकीपाशी गेली. तिनं बाईंच्या ताटात भाकरी वाढली.

मग कधी तरी जालन्याहून मीनाचा नवरा काही कामानं आला आणि जाता जाता वर येऊन बाईंना सांगून गेला, की मीनाला मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंपनीच्या बससाठी निघालो तर बाई आमच्या दारात. धुतलेलं पातळ, केसांना तेल, पायांत नवीन चपला. जालन्याला जाते म्हणाल्या. हातात काहीच नव्हतं. आत यायला सांगितलं तरी आल्या नाहीत. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना मासे वाटणाऱ्या त्या बाई सुनंदाकडं अशा बघत होत्या, जशी एखादी पोर परीक्षेच्या आधी बघते.

"सुनंदा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "लेक बाळंत झाली की आया काय घेऊन जातात गो?"

सुनंदानं त्यांचा हात धरून त्यांना स्टुलावर बसवलं. मला म्हणाली, तुम्ही व्हा पुढं. जिना उतरताना मला स्वयंपाकघरातून डबे काढल्याचा आवाज येत होता, आणि त्या डब्यांच्या आवाजातून बाई विचारत होत्या, डिंक किती, खोबरं किती, आणि बाळाला टोपडं कोणत्या रंगाचं.