मेरिएलच्या घरी जायचा लांबचा रस्ता

बत्तीस वर्षं मी या पंचक्रोशीत टपाल वाटलं. एकही पत्र उशिरा पोचलं नाही! बर्फ असो, पूर असो, नाहीतर मिसेस ट्विगचा कुत्रा असो. तेव्हा माझ्या घरापासून मेरिएलचं गाव हॅसवेल, म्हणजे शेतातून जेमतेम अर्धा मैल, तिथे मी बाराच्या आत पोचणार यात शंकाच नव्हती. साडेदहाला निघालो होतो.

बारा वाजता मेरिएल कायमची जाणार होती. अ‍ॅबर्डीनला, बहिणीकडे. सहा वर्षं मी दर गुरुवारी तिच्याकडे चहाला जात होतो आणि 'तू मला आवडतेस' एवढं एक वाक्य सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर बोललो होतो. तिचं घर विकलं गेलं तेव्हा कुठे माझे डोळे उघडले. आज बोलायचंच! शर्टाला इस्त्रीसुद्धा केली होती.

पहिल्याच कुरणाच्या फाटकाशी माशी शिंकली. डावीकडच्या पायवाटेने चौदा जण आले. पाठीवर पिशव्या, हातात काठ्या. जुनी गावं बघत दिवसभर चालायची सहल होती ती. पुढे वाटाड्या ग्वेनेथबाई, आवाज असा की मेंढ्यांनी रांगेत उभं राहावं. अशा वेळी सभ्य माणूस काय करतो? फाटक धरून उभा राहतो. चौदा वेळा 'थँक्यू' झालं, मग मी आत शिरलो आणि फाटक लावलं.

"तुम्ही शेवटी राहणार ना? फार बरं झालं," ग्वेनेथबाई म्हणाल्या. "आमचा शेवटचा माणूस गुडघा धरून घरी बसलाय. कोणी मागे राहत नाही ना, एवढंच बघायचं." बोलता बोलता त्यांनी माझं नाव विचारून घेतलं आणि एक पिवळं जाकीट माझ्या अंगात चढवलंसुद्धा.

आता दुसरा कोणी म्हणाला असता, बाई, मी तुमच्यातला नाही. मी म्हणालो, "सॉरी." आमच्याकडे कोणी आपल्या पायावर पाय दिला तरी सॉरी आपणच म्हणायचं असतं.

"सहल संपते कुठे?" मी विचारलं.

"हॅसवेलला."

म्हटलं चला, आपल्याच वाटेवर आहे.

पण हॅसवेलच्या आधी त्यांनी तीन गावं घेतली होती! पहिल्या गावात जुनं चर्च. दारावरच्या एका दगडी माकडापुढे बावीस मिनिटं गेली, मी घड्याळ लावून मोजली. दुसऱ्या गावात लोकरीच्या व्यापाऱ्यांची घरं. त्या दारांतून मी बत्तीस वर्षं पत्रं टाकली, पण कोणत्या खोलीत कोण प्लेगने गेलं ते मला आज कळलं. तिथेच सगळ्यांनी बसून सँडविचं काढली. तिसऱ्या गावात मिस्टर पेनफोल्ड, वय वर्षं एक्क्याऐंशी, यांच्या टाचेला फोड आला. तोवर बारा वाजून गेले होते.

"मला आता निघायला हवं," मी धीर करून ग्वेनेथबाईंना म्हणालो.

"अगदी बरोबर," त्या म्हणाल्या आणि सगळ्यांकडे वळल्या. "चला, एडगर म्हणतायत निघायला हवं. असा माणूस मागे असला की मला घोर नसतो." टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांना सोडून कसं जायचं, तुम्हीच सांगा!

पेनफोल्ड माझ्या खांद्यावर हात टाकून लंगडत होते. "बायको नेहमी माझ्या पुढे चालायची," ते म्हणाले. "मला वाटायचं, पोचल्यावर बोलू."

"जरा भरभर चालता का?" मी म्हणालो.

हॅसवेलला पोचलो तेव्हा पावणेदोन झाले होते. सामानाची व्हॅन मेरिएलच्या दारात अजून उभी होती. मेरिएल कोट घालून पायरीवर बसली होती. हेही एखादं ऐतिहासिक घर असणार, अशा समजुतीने सगळी मंडळी मागे थांबली.

"बाराला निघणार होतीस ना?" मी विचारलं.

"होते. ड्रायव्हरला चार कप चहा पाजलाय. हे काय घातलंयस अंगात?"

"सॉरी," मी म्हणालो. आणि मग त्या चौदा जणांसमोर सहा वर्षांचं ते वाक्य एकदाचं बोलून टाकलं.

"घर तर गेलं, एडगर," मेरिएल म्हणाली. "पण व्हॅनमध्ये पुढे तिघांची जागा आहे. येतोस?"

"नको, नको. उगाच ड्रायव्हरला अडचण."

खरं सांगतो, मला जायचंच होतं. पण आमच्याकडे पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं असतं, मग केक असो की आणखी काही. पुन्हा आग्रह झाला की 'बरं, अगदी थोडा' म्हणायचं. मेरिएलला हे ठाऊक नव्हतं असं नाही. दर गुरुवारी ती मला दोनदा विचारायची.

ती उठली, कोट झटकला आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. व्हॅन चर्चच्या वळणाआड गेली तरी मी तिथेच उभा होतो, ती दुसऱ्यांदा विचारेल म्हणून.