बेचाळिसावं माणूस

पहाटे सहाला ऐरोलीतल्या आपल्या सोसायटीसमोर बसमध्ये चढलेल्या दिनानाथांना पावणेआठ वाजता खिडकीतून आपल्याच गॅलरीत वाळत घातलेला आपलाच टॉवेल दिसला, तेव्हा त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अरुणा, पावणेदोन तासांत आपण कुठवर पोचलो, बघ."

"दिघ्याची माणसं घ्यायला नकोत का?" अरुणाताई शांतपणे म्हणाल्या. "आता महापे, मग जासई. जासई झालं की थेट कार्ले."

"जासई उरणकडे आहे. कार्ले लोणावळ्याकडे!"

"मग सांगा ना त्या गाइडला."

 दिनानाथांचं गाडं तिथेच अडत होतं. ग्रंथपाल म्हणून पस्तीस वर्षं त्यांनी लोकांना 'शांतता राखा' एवढंच काय ते ठणकावून सांगितलं होतं, आणि तेही पाटीवर लिहून. मनातल्या मनात मात्र महापे येईपर्यंत त्यांचं तक्रारीचं दीड पान लिहून झालं होतं.

कार्ल्याच्या लेण्यात छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून आहेत, हे त्यांनी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. आता एकाहत्तर. एवढ्या पायऱ्या चढायची ही शेवटचीच संधी, असं गुडघे बजावत होते. एकट्याने जायचं तर रिक्षावाल्याशी बोलणं आलं, म्हणून अरुणाताईंनी पॅकेज टूर काढली. बस, नाश्ता, जेवण, सगळं आयतं. पत्रकावर 'कार्ले' वाचून दिनानाथ हरखले. बाकीच्या चाळीस जणांनी त्याच पत्रकावर 'एकवीरा आईचं दर्शन' वाचलं होतं.

जासईला गोजराबाई चढल्या. कासोटा, नाकात नथ, हातात नारळांची पिशवी. त्या थेट अरुणाताईंशेजारी बसल्या आणि दिनानाथांची रवानगी मागच्या सीटवर झाली.

"तुजा मानूस बोलत नाय काय गो बाय?"

"मनात बोलतात."

"नवस हाय त्याचा?"

"छे हो. लेण्यात जुनी लाकडं आहेत छताला. ती बघायची आहेत. सत्तेचाळीस वर्षं ऐकतेय मी."

"लाकरं?" गोजराबाईंनी मान वळवून दिनानाथांना आपादमस्तक न्याहाळलं.

मग नाश्त्याला पाऊण तास गेला. चिक्कीच्या दुकानात एक तास. गाइड प्रीतमने झेंडा नाचवत सगळ्यांना वर नेलं तेव्हा दोन वाजून गेले होते. दर्शनाची रांग दोन तास हलेना. दिनानाथांनी देवीला मनोभावे हात जोडले, पण लक्ष वीस पावलांवरच्या लेण्याकडे होतं.

"चला, लेणीला पंधरा मिनटं!" प्रीतम ओरडला. "सेल्फी काढायचा आणि बाहेर. काका, टेन्शन नका घेऊ, सगळी लेणी सेमच असतात."

सेमच! तक्रारीचं तिसरं पान सुरू झालं. आतल्या अंधाराला डोळे सरावतात न सरावतात तोच प्रीतमची शिट्टी वाजली. शाळेतल्या पोरासारखे दिनानाथ चौदाव्या मिनिटाला दारात हजर.

प्रीतम डोकी मोजत होता. "चाळीस, एक्केचाळीस... जासईवाल्या आजी कुठायत?"

"मघाशी होत्या खऱ्या," अरुणाताई म्हणाल्या.

"मेलो! मागच्या खेपेला एक आजोबा वरच राहिले, शेठने माझी पार बिनपाण्याने केली. बेचाळीस झाल्याशिवाय बस हलणार नाय! बाकीचे बसमध्ये बसा. मी देवळात बघतो. काका, तुम्ही लेणीत शोधा. कोपरा न् कोपरा बघा!"

एका बेशिस्त बाईपायी! दिनानाथ धुमसत पुन्हा आत शिरले. पण काम सोपवलं म्हणजे चोख करायचं, ही त्यांची जुनी खोड. त्यांनी एकेक खांब मागून-पुढून पाहिला. स्तूपाला दोन फेऱ्या घातल्या. गोजराबाई खाली कुठेच सापडेनात, तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

आता डोळे सरावले होते. उलट्या टांगलेल्या होडीच्या फासळ्यांसारख्या त्या कमानी, एकामागून एक, पार टोकापर्यंत. दिनानाथ किती वेळ तसे उभे होते, कुणास ठाऊक. आपण एका हरवलेल्या म्हाताऱ्या बाईला साफ विसरलो, हे रखवालदाराने हटकल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. ते ओशाळले, आणि ओशाळल्यामुळे आणखीच संतापले.

पायऱ्या उतरून ते बसमध्ये चढले, तर गोजराबाई आपल्या जागेवर! सगळी बस कुरकुरत होती. आणि आयुष्यात पहिल्यांदा दिनानाथ चारचौघांत कडाडले.

"अहो बाई, तुमच्यामुळे एक्केचाळीस माणसं तासभर खोळंबली! काही शिस्त? होतात कुठे तुम्ही?"



"खाली, पायरीशी, टपरीच्या मागं. काकरी खात."

"तासभर काकडी?"

"एका काकरीला किती वेल लागनार? पाच खाल्ल्या. पोट दुकतंय आता." गोजराबाईंनी नथ सारखी केली. "तां जाऊंदे. मास्तर, लाकरं बगून झाली का?"

दिनानाथांनी अरुणाताईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेरचं पार्किंग फार बारकाईने बघत होत्या.

परतीच्या वाटेवर प्रीतमने अभिप्रायाचे कागद वाटले. 'काय आवडलं नाही?' या रकान्यात दिनानाथांनी दिघा, महापे, जासई, चिक्की आणि पंधरा मिनिटं बारीक अक्षरात ठासून भरली. कागदाची मागची बाजूही पुरली नाही. 'काय आवडलं?' हा रकाना पनवेलपर्यंत कोराच होता.

मग पुढच्या सीटवरून एक कण्हणं ऐकू आलं. दिनानाथांनी खिशातली ओव्याची पुडी पुढे केली आणि लिहिलं, "बेचाळीस झाल्याशिवाय बस हलत नाही."