टप्प्यानं जाणारे गुलाबमियां

पारनेरच्या पेठेत पानाचं दुकान चालवणारे आमचे शेजारी गुलाबमियां तांबोळी कुठलीही गोष्ट सरळ म्हणून करत नसत. चहा हवा असला तर मला सांगत. मी त्यांच्या बायकोला सांगायचं. "थेट मागितलं की लोक तोंडावर न्हाई म्हनत्यात, मास्तर. टप्प्यानं जावं."

त्यांचे धाकटे भाऊ चांदमियां भिंतीपलीकडेच राहायचे. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं वाजलं आणि वर्षानुवर्षं अबोला पडला. तरी रोज संध्याकाळी गुलाबमियां त्यांच्यासाठी विडा लावत आणि माझ्या हाती देत. मी तो समोरच्या न्हाव्याला द्यायचा, न्हाव्यानं चांदमियांना. चांदमियां विडा खायचे, पण उलट शब्द कधी आला नाही.

"एकदा जाऊन बोला की," मी म्हणायचो.

"त्यानं हाक मारली पायजे. मारील. टप्प्यानं."

तेव्हा देशाची घटना लिहिली जात होती. एकदा मी पेपर वाचून दाखवला: राष्ट्रपतीला जनता थेट निवडणार नाही; जनता सभासद निवडणार आणि ते सभासद राष्ट्रपती निवडणार. गुलाबमियांचं चुन्याचं बोट हवेतच राहिलं.

"म्हंजी टप्प्यानंच! बगा, दिल्लीला कळलं, आमच्या घरात कळंना."

झालं, गडी इरेला पेटला. यात्रेतल्या कुस्त्यांच्या हगाम्याचा प्रमुख तोवर चावडीपुढं आरडाओरडा करून ठरायचा. गुलाबमियांचं म्हणणं, आधी प्रत्येक आळीनं आपला पंच निवडावा, मग पंचांनी प्रमुख. त्यांनी घरोघर माणसं धाडून (स्वतः कुठले जातात!) सगळं गाव वळवलं. जन्मात लंगोट न बांधलेला हा माणूस तालमीच्या वस्ताद तात्यांविरुद्ध स्वतःच उभा राहिला. आमच्या आळीचा पंच म्हणून चांदमियांचं नाव त्यांनी न्हाव्याच्या तोंडून सुचवलं. वर एक अट: पंचानं मत मोठ्यानं, नाव घेऊन द्यायचं.

"अहो, दिल्लीत मत गुप्त असणार आहे," मी म्हटलं.

"असू द्या. दिल्लीचा भाऊ रुसल्याला न्हाई."

मी ती अट वहीत लिहून घेतली.

चावडीपुढं पंच एकामागून एक "तात्या" म्हणत गेले. चांदमियांची पाळी आली. ते उपरणं पिळत उभे राहिले. गुलाबमियां जमिनीकडं पाहत होते.

"भाई," चांदमियां म्हणाले.

"नाव घ्या, नाव!" मतं टिपून घेणारा मी. नियम म्हणजे नियम.

"थोरल्या भावाचं नाव कसं घिऊ, मास्तर? भाई म्हनलं न्हवं?"

तात्या निवडून आले. गुलाबमियांना ते एकच मत पडलं, आणि पडलेला हा उमेदवार गावभर विडे वाटत सुटला.

संध्याकाळी त्यांनी नेहमीचा विडा लावला. सवयीनं मी हात पुढं केला.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर," ते म्हणाले, आणि विडा घेऊन स्वतःच भावाच्या दाराकडं निघाले.